पोळा एकदाच फुटतो

पुणे, १२ जुलै १९३७

ती. चंपतरावमामांस,

पुण्याहून विश्वनाथचा साष्टांग नमस्कार. एरवी मी नुसताच नमस्कार लिहितो. आज साष्टांग आहे म्हणजे काहीतरी काम आहे, हे तुम्ही ओळखलेच असेल.

आमच्या फिल्म कंपनीचे मालक महादेवराव यांनी परवा मला बोलावून सांगितले की पुढचे चित्र तू कर. म्हणजे डायरेक्टर म्हणून कर. नऊ वर्षे मी या कंपनीत आहे. पहिली दोन वर्षे पडदे रंगवले, मग झारीने पाऊस पाडला, एका पौराणिक चित्रात शेषनागाच्या शेपटीत बसून ती हलवली, आणि गेली चार वर्षे दुसऱ्यांच्या चित्रांत नटांच्या मिश्या सरळ करतो आहे. आता कुठे स्वतःचे चित्र मिळाले.

नाव आहे 'बैलाची साक्ष'. एका गरीब शेतकऱ्याचा बैल गावचा पाटील लबाडीने बळकावतो. कोर्टात शेतकरी हरतो. शेवटी पोळ्याच्या दिवशी सगळ्या गावासमोर तोरण तुटते, आणि तो बैल पाटलाची रांग सोडून धावत जुन्या धन्याकडे येतो व त्याच्या खांद्यावर मान ठेवतो. सगळे चित्र या एका देखाव्यावर उभे आहे. तो मला खऱ्या पोळ्यात घ्यायचा आहे, आपल्याकडच्या. तुमचे ते सावनेरकडचे नत्थूजी पाटील आहेत ना, त्यांचे गाव आणि त्यांचे बैल मिळाले तर पाहा.

दिवाळीपर्यंत चित्र पुरे झाले नाही तर महादेवराव माझ्या हातात पुन्हा रंगाचा डबा देणार आहेत. तसे झाले तर मी नागपूरला येईन आणि तुमच्या त्या अर्जावर मुकाट्याने सही करीन. हे मी पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे.

मामींना नमस्कार.

तुमचा,
विश्वनाथ


नागपूर, १९ जुलै १९३७

चि. विश्वनाथ यास,

आशीर्वाद. तुझे पत्र पोचले. विषय सिनेमाचा असल्याने ते मी वाचले नाही असे धरून उत्तर देत आहे.

बैलाची साक्ष कोणत्याही कोर्टात ग्राह्य धरली जात नाही. बैलाला शपथ देता येत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही, आणि साक्षीनंतर त्याचा अंगठा कुठे घेणार, हाही प्रश्न आहे. बत्तीस वर्षे सेक्रेटरिएटात काढलेल्या माणसाच्या भाच्याने असल्या कायद्याच्या चुका कराव्यात याचे दुःख होते.

सेक्रेटरिएटातल्या नोकरीच्या अर्जाबद्दल लिहिलेस ते बरे केलेस. तो माझ्या पेटीत जसाच्या तसा आहे. तुझे नाव, शिक्षण, जन्मतारीख, सर्व माझ्या हाताने भरलेले. खाली फक्त तुझी सही हवी. मी निवृत्त झालो त्या दिवशी आमच्या मोठ्या साहेबांनी त्यावर स्वतःच्या हाताने शिफारशीच्या दोन ओळी लिहिल्या, वयाची सूट तिसापर्यंत दिली, आणि साहेब विलायतेला निघून गेले. माझ्या सगळ्या नोकरीची कमाई म्हणजे त्या दोन ओळी. येत्या चौदा नोव्हेंबरला तुला तीस पूर्ण होतील. त्यानंतर तो कागद रद्दी आहे.

नत्थूजीस विचारले. तो हो म्हणाला. त्याचा सोम्या नावाचा पांढरा बैल आहे, शिंगे सारखी, स्वभाव सरकारी, म्हणजे सावकाश पण निश्चित. मी ही मदत एवढ्यासाठीच करतो की तू हरलास तर तुझ्या गुणांनी हरावेस, आमच्या बैलामुळे नको. मी सिनेमा पाहिलेला नाही आणि पाहणार नाही.

शेजारचे मारोतराव तू पुण्यात वकिली करतोस असे समजतात. मी तसे सांगितलेले नाही. फक्त खोडलेले नाही.

तुझा मामा,
चंपतराव


पुणे, २८ जुलै १९३७

ती. मामांस,

नमस्कार. आता एक अडचण सांगतो. शेतकऱ्याचे काम करणारा आमचा नायक वसंत दिसायला राजबिंडा आहे, पडद्यावर वाघ मारतो, पण खऱ्या गाईला पाहिले तरी टांग्यात चढून बसतो. त्यामुळे बैलाने त्याच्याकडे प्रेमाने जावे अशी तजवीज आपल्यालाच केली पाहिजे.

माझा विचार असा. सोम्याला रोज गुळाची सवय लावावी. कोणीतरी समोर उभे राहून गूळ दाखवावा आणि सोम्याने चालत येऊन त्या माणसाच्या खांद्यावर मान ठेवावी. पोळ्याच्या दिवशी तोच गूळ वसंतच्या हातात द्यायचा. सोम्या गुळाकडे जाईल, आणि लोकांना वाटेल धन्याकडे गेला. सिनेमा तो एवढाच असतो मामा.

हे काम गावातल्या कोणावर तरी सोपवा. तुम्ही त्रास घेऊ नका.

तुमचा,
विश्वनाथ


नागपूर, १६ ऑगस्ट १९३७

चि. विश्वनाथ यास,

आशीर्वाद. काम कोणावर सोपवावे असा माणूस गावात आढळला नाही. सगळे बैलाशी बैलासारखेच बोलतात. म्हणून रोज मी स्वतः सावनेरच्या गाडीने जातो. सोबत प्रगतीचे कोष्टक जोडले आहे. पहिल्या आठवड्यात सोम्या सातपैकी दोन वेळा आला, दुसऱ्यात सातपैकी पाच, आणि कालपासून मी दिसलो की बोलावण्याआधीच येतो. ही प्रगती समाधानकारक समजावी.

तू लिहितोस की लोकांना वाटेल धन्याकडे गेला. मला हे फसवणुकीचे कलम वाटते. तरी त्यात मी पडत नाही.

पोळ्याच्या दिवशी गूळ माझ्या ताब्यात राहील. तोरणाची वेळ झाली की मी तो पुढे जाऊन वसंतच्या हाती देईन. इतर कोणी त्यात हात घालू नये.

तुझा मामा,
चंपतराव

(याच पाकिटात मामीची चिठ्ठी होती.)

विश्वनाथ, मी लिहून राहिली, मामाले सांगू नको. तुहा मामा सिनेमा पाहत नाही म्हणते, अन् घरात रोज मलेच बैल करून राहिला. मी सैपाकघराच्या दारात उभी राहायचं, यायनं अंगणातून गूळ दाखवायचा, अन् मी हळूहळू चालत यायचं. काल म्हणते, चाल बरोबर हाये पण डोयात माया नाही. मी म्हटलं, चाळीस वर्सं या घरात बैल कोण होतं ते मले माहीत हाये, माया तुमीच आणा. तू लवकर ये. भिवापूरची मिरची आणून ठेवली हाये, तुह्या पुण्याच्या गोड भाजीले जरा चव येईन.
रंभाबाई


पुणे, ८ सप्टेंबर १९३७

ती. मामांस,

नमस्कार. शनिवारी पोळ्याला जे घडले ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलेच आहे. पण कंपनीला मला त्याचा लेखी खुलासा द्यावा लागला, आणि कागदावर आले म्हणजेच झाले असे तुम्ही म्हणता, म्हणून त्याची नक्कल तुम्हालाही पाठवतो.

दुपारी चार वाजता गावचे चाळीस जोड तोरणाखाली उभे राहिले. ऊन चांगले होते. मी कॅमेरा बैलगाडीवर चढवला होता. वसंत ठरल्या जागी होता, डोळे मिटून का होईना. लोकांनी झडत्यांची कवने म्हटली, हर हर महादेव झाले, तोरण तुटले, आणि सोम्या रांगेतून सुटला. असा सुटला की मी जन्मात विसरणार नाही. वसंतच्या अंगावरून वारा गेल्यासारखा पुढे गेला आणि काळा कोट, पगडी व छत्री घेऊन कडेला उभ्या असलेल्या एका निवृत्त हेडक्लार्कच्या खांद्यावर त्याने मान ठेवली. मग त्यांचा उजवा खिसा चाटला.

वसंत तोवर कडुलिंबावर होता.

मी ओरडलो, रिटेक, सगळे बैल परत तोरणाखाली घ्या. नऊ वर्षे पुण्यात राहून मी काय मागतो आहे हे मला कळेनासे झाले होते. सगळे गाव माझ्याकडे बघत राहिले. नत्थूजी शांतपणे म्हणाले, "तोरण तुटलं का पोळा फुटला, भाऊ. पोळा एकदाच फुटते. तुमच्या पुण्यात पोरीचं लगीनबी दोनदा लावून राहिले काय गा?"

मी दुप्पट पैसे देऊ केले, तेव्हा त्यांना राग आला. बैल घरोघरी ओवाळायला गेले, आणि पाठीमागून पोरांनी उभ्या उभ्या नवी झडती केली ती तुम्हीही ऐकली असेल:

पुण्याहून आला पेटीवाला,
बैलाले म्हने मांगं चाला,
बैल गेला पोयी खायाले,
पेटीवाला बसला रडायाले. हर हर महादेव!

तुम्ही गूळ वसंतला का दिला नाही, हे मी तेव्हाही विचारले नाही आणि आताही विचारत नाही. बत्तीस वर्षांत एक टाचणी न विसरलेला माणूस नेमके तेच विसरला, तर नशिबालाच तसे हवे असणार. पुढचा पोळा वर्षाने आहे आणि महादेवरावांची मुदत दिवाळीची. फिल्म धुवायला टाकली आहे, पण तिच्यात काय आहे ते मला माहीत आहे.

अर्ज पाठवून द्या. मी सही करतो. मला आता थकल्यासारखे वाटते.

तुमचा,
विश्वनाथ


नागपूर, १२ सप्टेंबर १९३७

चि. विश्वनाथ यास,

आशीर्वाद. तुझी मागणी विचाराधीन आहे.

अर्जासंबंधी कळवायचे की तो तूर्त हाताशी नाही. पेटी उघडली असता तो जागेवर दिसला नाही. तो हरवला असे म्हणता येणार नाही. तो कोठे आहे याची मला साधारण कल्पना आहे, परंतु तेथून तो परत मिळवणे सध्या कठीण आहे. योग्य वेळी कळवू.

दरम्यान फिल्म धुवून पाहिल्याशिवाय तू कोणताही निर्णय घेऊ नयेस. फाईल न उघडता शेरा मारणाऱ्यांचे पुढे काय होते ते मी ऑफिसात पाहिले आहे.

येथील विशेष म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावची पीडा घेऊन जाणारी मारबत निघाली. सावनेरची बातमी नागपुरास रेल्वेच्या आधी येते. इतवारीच्या पोरांनी महागाईच्या बडग्याचा पुतळा तयार ठेवला होता, त्याच्या समोर ऐनवेळी तीन काठ्यांवर कॅमेरा म्हणून साबणाचे खोके बसवले, गळ्यात 'रिटेक' अशी पाटी अडकवली, आणि पुतळा आमच्या दारावरून नेला. मागून पोरे ओरडत होती, रिटेकवाल्याले घेऊन जा गे मारबत. मी खिडकीतून पाहिले. मारोतरावांनी विचारले हा कोण. मी म्हणालो, माझा भाचा, डायरेक्टर आहे.

हे तोंडातून गेले. आता खोडता येत नाही.

तुझा मामा,
चंपतराव


पुणे, २१ सप्टेंबर १९३७

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. यावरून ओळखा.

काल धुतलेली फिल्म महादेवरावांसमोर लावली. मी खोलीच्या दारातच उभा होतो, लगेच बाहेर पडता यावे म्हणून. वसंत झाडावर चढला तिथे ते पोट धरून हसले. मग सोम्या तुमच्यापाशी आला, आणि ते हसायचे थांबले. मामा, तुम्हाला आठवते का तुम्ही काय केलेत? छत्री टाकलीत. पगडी कलली ती सावरली नाहीत. त्याच्या कपाळावर हात ठेवलात आणि काहीतरी बोललात, आणि तुमच्या डोळ्यांत पाणी होते. मी त्या वेळी रिटेक ओरडत होतो, मला काहीच दिसले नाही. कॅमेऱ्याला दिसले.

महादेवराव म्हणाले, "हा नट कोण? आपल्या कंपनीत असा एक माणूस नाही. गोष्ट बदल, पण याला सोडू नकोस."

मी रात्रभर बसून गोष्ट बदलली. आता बैल तरुण शेतकऱ्याचा नाही, तर गावी शेती करणाऱ्या एका निवृत्त कारकुनाचा आहे. त्याने जन्मभर कागद सांभाळले, आणि नेमका बैलाचा कागद त्याच्याकडे नाही. वसंतला पाटलाचा वकील केले आहे. वकिलाला बैलापासून दहा हात दूर राहता येते, म्हणून तोही खूश आहे.

मला तुमचे बारा दिवस हवेत, आणि सोम्याही हवा. तुम्ही नाही म्हणालात तर चित्र संपले. अर्जाचे तुम्ही सांगाल तसे करीन.

तुमचा,
विश्वनाथ


नागपूर, २६ सप्टेंबर १९३७

चि. विश्वनाथ यास,

आशीर्वाद. सरकारी पेन्शन घेणाऱ्या माणसाने तोंडाला रंग लावावा असे कोणत्याही नियमात नाही. लावू नये असेही नाही, हे मी दोन दिवस पुस्तके चाळून पाहिले.

माझ्या अटी लिहून घे. मी गाणार नाही. रडणार नाही. पोळ्याच्या दिवशी डोळ्यांत धूळ गेली होती. गोष्टीत माझी बायको दाखवायची असल्यास ती तुझी मामीच असावी, दुसऱ्या बाईशेजारी मी उभा राहणार नाही. कोर्टाचा देखावा कायद्याप्रमाणे झाला पाहिजे, त्याचा मसुदा आधी मला दाखवावा.

सोम्या मालडब्यात एकटा चढत नाही. मी चढलो की चढतो. नत्थूजी सोबत आहेत. आम्ही तिघे मालडब्यातून येऊ, मामी तिसऱ्या वर्गाने. शेजारी मी दातांच्या इलाजासाठी पुण्यास जातो असे सांगितले आहे.

तुझा मामा,
चंपतराव

(मामीची चिठ्ठी.)

विश्वनाथ, हे नाही म्हणतीन असं तुले वाटलं असन. तुहं पत्र आलं त्याच दिवशी कोट धुवाले टाकला. आरशापुढं छत्री टाकून पाहून राहिले, तिच्या दोन काड्या मोडल्या. मी बायकोचं काम करीन, पण बैलाचं आता करनार नाही.
रंभाबाई


पुणे, ४ नोव्हेंबर १९३७

ती. मामांस व मामींस,

साष्टांग नमस्कार. तुमची गाडी सुटली त्याला बारा दिवस झाले आणि कंपनी सुनी झाली आहे. काल चित्र पुरे झाले. महादेवरावांनी सबंध पाहिले आणि रंगाचा डबा स्वतःच्या हाताने माळ्यावर टाकला.

सगळे तुमची आठवण काढतात. कोर्टाच्या देखाव्यात न्यायाधीशाने शिक्का उलटा मारला म्हणून तुम्ही सहा वेळा सगळ्यांना जागेवर परत पाठवलेत, ते आता कंपनीत दंतकथा झाले आहे. वसंत सांगतो की त्याला डायरेक्टर कोण हे शेवटपर्यंत नक्की कळले नाही. कॅमेरावाला अजून देखावा झाला की सवयीने तुमच्या खुर्चीकडे बघतो. मामींनी डब्यात भरून दिलेल्या पुडाच्या वड्या त्यानेच संपवल्या.

एक मागणे आहे. दहा दिवसांनी मला तीस पूर्ण होतात आणि तो अर्ज रद्दी होतो. तुमच्या आयुष्याची कमाई म्हणजे त्या दोन ओळी, असे तुम्ही लिहिले होते. मला तो कागद सही न करता माझ्या खोलीत काच लावून टांगायचा आहे. आता तरी सांगा, तो कोठे आहे?

तुमचा,
विश्वनाथ


नागपूर, १७ जानेवारी १९३८

चि. विश्वनाथ यास,

आशीर्वाद. उत्तरास उशीर झाला. चित्र पाहिल्याखेरीज लिहायचे नाही असे ठरवले होते.

शनिवारी ते बर्डीवरच्या थिएटरात लागले. नत्थूजी सगळ्या गावाला बैलगाड्यांत घालून घेऊन आले आणि सोम्यालाही आत न्यावे म्हणून दारवानाशी भांडले. मी मागच्या रांगेत मफलर बांधून बसलो होतो. पोळ्याचा देखावा आला तेव्हा पुढच्या रांगेतून मारोतराव वळून मोठ्याने म्हणाले, चंपतराव, दात चांगले बसवले हो पुण्यात. त्यानंतर मफलर काढला. रविवारी पुन्हा गेलो. आज मामी म्हणते, तिकिटाला रांग आहे, लवकर निघा.

आता अर्जाचे. मी हे तुझ्यापासून चार महिने लपवले. तो अर्ज सोम्याने खाल्ला.

पोळ्याच्या दिवशी सकाळी मी गूळ बांधायला कागद शोधत होतो. तुला ठाऊक आहे, आपल्या घरात रद्दीची कमतरता कधीच नव्हती. तीस वर्षांची वर्तमानपत्रे माडीवर आहेत. तरी मी पेटी उघडली आणि तोच कागद काढला.

त्याच्या आदल्या दिवशी तू बैलगाडीवर उभा राहून साध्या एका चाकाच्या देखाव्यासाठी दुसरी गाडी सात वेळा मागे नेऊन आणवलीस. सगळे गाव कंटाळले. मी तुझ्याकडे पाहत होतो. तुझी आई अशीच होती. दिवाळीत अंगणातली रांगोळी मनासारखी होईपर्यंत पुसायची, आमची बोलणी खायची आणि पुन्हा काढायची. मी बत्तीस वर्षांत एकही मसुदा सात वेळा लिहिला नाही. तेव्हा कळले की तू सही करणार नाहीस, आणि तू करूही नयेस असे मला वाटते. हे मी तुला नऊ वर्षांपूर्वी सांगायला हवे होते. नाही सांगितले, याचे वाईट वाटते.

म्हणून गूळ त्या कागदात बांधला. वसंतला द्यायचे मी विसरलो हे खरे. तोरणाखाली सगळे बैलांकडे बघत होते, आणि मी गाडीवर उभ्या असलेल्या तुझ्याकडे. सोम्या येऊन खिसा चाटू लागला तेव्हा भानावर आलो. तोवर गूळ गेला होता, तुझे शिक्षण व जन्मतारीख गेली होती, आणि तू ओरडत होतास, रिटेक. मी सोम्याच्या कानात काय बोललो ते तुला पडद्यावर ऐकू आले नाही, ते बरे झाले. मी त्याला म्हणालो, आता परत देऊ नकोस.

सोम्याला कागद बाधला नाही. साहेबांची शिफारस मात्र तो दोन दिवस रवंथ करत होता, असे नत्थूजी सांगतात.

तुझा मामा,
चंपतराव

ता. क. काच आणली असशील तर वाया घालवू नकोस. सोबत कालच्या खेळाचे तिकीट पाठवतो, मागच्या रांगेचे, माझ्या हाताने फाडलेले.